मिलनगडच्या वहीतलं तिसरं पान

१

नऊ जानेवारीच्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, मिलनगड वाचनालयाच्या टेबलावर पाच माणसांच्या देखत कॉलनीची पहिली वही उघडली गेली, आणि तिच्यातलं तिसरं पान जागेवर नव्हतं. शिवणीपाशी बोटभर रुंदीची पट्टी तेवढी उरली होती. कड अगदी सरळ, ब्लेडनं कापल्यासारखी.

अर्ध्या तासात बातमी अनिमा शूरच्या गच्चीवर पोचली. अनिमा उडदाच्या डाळीचे सांडगे वाळत घालत होती. वाचनालय सांभाळणारी शिखा कर जिना चढून आली ती तिथल्या पायरीवरच बसली आणि रडायला लागली. कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची. दुसरं कुणाचं नाव निघायच्या आत तिचं निघणार होतं.

अनिमा एकसष्ट वर्षांची. चौतीस वर्षं तिनं पोलिसांच्या दस्तऐवज तपासणी विभागात काढली होती. खोट्या सह्या, खाडाखोड केलेली मृत्युपत्रं आणि निनावी पत्रं बघण्यात डोळे खर्ची घातले होते. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नसे. सही खरी की खोटी हे एका नजरेत सांगणाऱ्या बाईसमोर माणसं जरा जपूनच बसतात.

हात धुऊन तिनं शिखाला पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं.

कलकत्त्याच्या दक्षिणेला, दलदलीच्या काठावर मिलनगड वसलं त्याला या चैत्रात पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी बांबू रोवून ही कॉलनी उभी केली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. सुवर्णमहोत्सवासाठी कॉलनीचा इतिहास लिहायचं काम शाळेतले जुने शिक्षक निरुपम सरखेल, सगळ्या कॉलनीचे मास्टरमोशाय, यांच्याकडे होतं. तळ्याच्या कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत महोत्सवाचं सभागृह बांधायचं ठरलं होतं आणि तेवीस जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, पाया खणायला सुरुवात होणार होती.

पण नोव्हेंबरात सबेरा बीबी नावाची एक बाई मल्लिकपूरहून आली. तिचं म्हणणं असं, की कॉलनी व्हायच्या आधी तिथं अकरा घरांची वस्ती होती, तळ्याच्या कोपऱ्यावर त्यांचं कबरस्तान होतं, आणि तिची आई तिथं पुरलेली आहे. घर नको, जमीन नको, फक्त तिथं खणू नका. कमिटीचे चिटणीस दिलीप होड यांनी तिला पुरावा विचारला. तेव्हा निरुपमबाबूच पुढे झाले. म्हणाले, पुरावा आपल्याच वहीत आहे. तिसऱ्या पानावर पन्नास सालच्या कमिटीनं लिहून दिलंय की त्या पाच कट्ठे, म्हणजे सुमारे साडेतीन हजार चौरस फूट, जमिनीला हात लावला जाणार नाही.

"आणि आज वही उघडली तर पानच नाही," शिखा म्हणाली. "मास्टरमोशाय सगळ्यांसमोर बोलले, ज्याला सभागृह हवंय त्यानंच पान पळवलं. दिलीपदा त्यांच्या अंगावरच धावून गेले. मग मास्टरमोशाय म्हणाले, अनिमाला बोलवा."

२

दिलीप होड माकडटोपी घालून वाचनालयाच्या ओट्यावर उभा होता. पन्नाशी उलटलेला, घसा कायम बसलेला, कुणाच्याही लग्नामरणाला सगळ्यांच्या आधी हजर होणारा माणूस. तो चोर असेल असं अनिमाला वाटेना. पण तिच्या नोकरीत असं न वाटलेलेच पुष्कळ चोर निघाले होते.

दिलीपनं काहीच लपवलं नाही. सभागृह त्याला हवंच होतं. गेली तीस वर्षं कॉलनीतलं प्रत्येक लग्न रस्त्यावर मांडव घालून होतंय, पावसात वऱ्हाडाच्या पानात पाणी पडतंय, असं तो म्हणाला. वहीचं म्हणाल तर त्यानं ती आयुष्यात दोनदा पाहिली होती, आत काय लिहिलंय ते कधी वाचलं नव्हतं.

"आणि मी चोरलं असतं ना अनिमादी, तर अख्खी वही चोरली असती," तो म्हणाला. "एक पान कापून बाकीची जागेवर ठेवायला मी काय शाळामास्तर आहे?"

दुसरा संशय होता बच्चू सान्यालवर. सभागृहाचं बांधकाम त्याच्याकडे होतं. डिसेंबरात प्रदर्शनासाठी वहीला नवं कापडी आवरण घालून आणतो म्हणून तो ती घरी घेऊन गेला होता आणि दोन दिवसांनी परत दिली होती. वहीला आवरण होतंच, लाल, नीट चिकटवलेलं. अनिमानं त्याला विचारलं, तेव्हा तू पानं मोजली होतीस का? त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं तळ्यातले मासे मोजलेस का असं विचारलं.

"दीदी, मी बायंडरकडे टाकली आणि बायंडरकडून उचलली," तो म्हणाला. "जुन्या कागदांच्या वासानं मला शिंका येतात."

पण त्याच्या ताब्यात ती दोन दिवस होती, आणि ही गोष्ट दुपारपर्यंत कॉलनीभर झाली. संध्याकाळी बच्चूच्या बायकोला नळावर कुणी जागा दिली नाही. शिखाला कमिटीच्या दोघांनी सांगून टाकलं, की छडा लागेपर्यंत किल्ली जमा कर आणि घरी बस. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता. तिनं किल्ली अनिमाच्या हातात ठेवली आणि निघून गेली.

त्याच संध्याकाळी अनिमानं दिलीपकडून वही मागून घेतली आणि घरी आणली.

३

सकाळच्या उन्हात, खिडकीपाशी टेबल ओढून तिनं वही उघडली. आधी काहीच वाचलं नाही. तिची सवय तशी होती. अक्षर वाचायला लागलं की कागद दिसेनासा होतो.

कागद जाड, फिकट निळ्या रेघांचा. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला शिवणीपासून वर चढत गेलेला एक तपकिरी डाग होता. अठ्ठ्याहत्तरच्या पुरात कॉलनीत कमरेइतकं पाणी होतं, तेव्हा वही भिजली होती आणि नंतर गच्चीवर वाळवली होती, हे तिला ठाऊक होतं. पाणी कागदात शिरतं, पसरतं, आणि जिथं थांबतं तिथं मळाची रेघ सोडतं. एका पानामागून दुसऱ्या पानावर ती रेघ ठरलेल्या जागी, ठरलेल्या वळणानं गेलेली होती.

मग तिनं तिसऱ्या पानाची उरलेली पट्टी भिंगाखाली धरली.

पान अलीकडे कापलं असतं, तर डागाची रेघ पट्टीच्या कडेपर्यंत येऊन तिथं तुटली असती. पुढचा भाग कापलेल्या पानाबरोबर गेला असता. तशी ती तुटलेली नव्हती. कडेपाशी येऊन ती वळली होती आणि कापलेल्या कडेकडेनं वर चढून पुन्हा शिवणीकडे आली होती. म्हणजे पाणी आलं तेव्हा कड तिथं होतीच. पान पुराच्या आधीच कापलेलं होतं.

दिलीपचा, बच्चूचा, शिखाचा यात काही संबंध नव्हता. ज्या चोरीसाठी कॉलनी एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली होती, ती चोरी निदान एकवीस वर्षं जुनी होती.

अनिमाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्याच क्षणी तिला एक गोष्ट आठवली आणि तिनं निरुपमबाबूंच्या इतिहासाचं कच्चं लिखाण समोर ओढलं. महिन्यापूर्वी त्यांनीच तिला ते वाचायला दिलं होतं. पहिल्या प्रकरणात त्यांनी तिसऱ्या पानावरचा मजकूर शब्द न् शब्द उतरवला होता, अकरा कुटुंबप्रमुखांच्या नावांसकट. खाली स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात टीप होती: मूळ वहीवरून उतरवून घेतले, नोव्हेंबर १९९९.

४

ती शिखाच्या घरी गेली. शिखा नवऱ्याला पेज भरवत होती. अनिमानं तिला एवढंच विचारलं, की रविवारी वही नेमकी कशी उघडली गेली, कोण कुठं उभं होतं, कोण काय बोललं, सगळं सावकाश सांग.

शिखानं सांगितलं. कपाट तिनं उघडलं. वही मास्टरमोशायंच्या हातात दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली, आवरण उलटलं आणि म्हणाले, तिसरं पान गेलं.

"लगेच म्हणाले?"

"लगेच."

"चाळून बघितलं नाही?"

शिखाचा हात वाटीत थांबला. "नाही. चष्मासुद्धा नंतर काढला त्यांनी खिशातून. मला वाटलं, एवढ्या वर्षांची सवय..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

निरुपमबाबूंना चष्म्याशिवाय समोरचा माणूस ओळखू येत नसे.

तिथून अनिमा तळ्याकडे गेली. सबेरा बीबी आठवड्यातून एकदा यायची, आणि आज यायचा दिवस होता. पातळ शाल, पायात रबरी चपला, वय साठीच्या आसपास. ती पायऱ्यांवर बसून मोकळ्या कोपऱ्यातल्या रानटी झुडपांकडे पाहत होती. अनिमा तिच्या शेजारी बसली.

सबेरानं सांगितलं ते थोडकंच होतं. बाप कासेम अली मंडल माळीकाम करायचा. आई अठ्ठेचाळीस साली बाळंतपणात गेली. पन्नासच्या फाल्गुनात शहरात दंगल उसळली, तेव्हा अकराही घरं एका दुपारी निघून गेली. जाताना चुलीवरचा भात तसाच राहिला. उन्हाळ्यात बाप एकटाच परत बघायला आला. घरात माणसं राहत होती. तीही जळून पोळून आलेली, त्यांनाही कुठं जायला जागा नव्हती. बाप भांडला नाही. कबरस्तानाचं तेवढं बोलला. तेव्हाच्या चिटणिसानं, गोपेश्वरबाबूंनी, त्याच्यासमोर वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"बाप मरेपर्यंत म्हणायचा, लिहिलेलं आहे," सबेरा म्हणाली. "मी म्हटलं, लिहिलेलं असेल तर बघून यावं. झाडाखाली होती आईची कबर. पांढऱ्या जामाचं झाड. आता झाड दिसत नाही, त्यामुळे जागा नीट कळत नाही."

अनिमानं मान हलवली. तिला स्वतःचं अकराव्या वर्षीचं मिलनगड आठवत होतं. वडिलांबरोबर पूर्व बंगालातल्या बरिसालहून येऊन ती ज्या घरात शिरली, त्याच्या परसात मातीची चूल आधीच घातलेली होती आणि चुलीत राख होती. आईनं ती राख दोन हातांनी बाहेर काढली आणि त्याच चुलीवर पहिला भात शिजवला. चूल कुणाची, असं अनिमानं विचारलं होतं. वडील म्हणाले होते, आपलीच. पुढं पन्नास वर्षं तिनं तो प्रश्न पुन्हा विचारला नव्हता.

घरी येऊन तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथं एका चिटणिसानं दुसऱ्याकडे वही सोपवल्याच्या नोंदी होत्या. पहिली नोंद छप्पन सालची: शहाण्णव पानं, सर्व शाबूत, गोपेश्वर भवाल यांच्याकडून घेतली. दुसरी एकोणसाठ सालची: पंच्याण्णव पानं, मोजून घेतली. त्यापुढच्या प्रत्येक नोंदीत पंच्याण्णव.

छप्पन ते एकोणसाठ वही ज्याच्या ताब्यात होती, त्याची सही टपोऱ्या अक्षरातली होती. अनिमाला ती ओळखायला भिंग लागलं नाही. याच अक्षरात तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर शेरे होते.

५

निरुपमबाबू अंगणात ऊन खात बसले होते. शहात्तर वर्षांचे, गुडघ्यावर शाल, मांडीवर मुद्रितं. सुनेनं चहा आणि खजुराच्या गुळाची संदेश मिठाई आणून ठेवली आणि ती आत गेली. अनिमानं मिठाईला हात लावला नाही.

तिनं तीनच गोष्टी सांगितल्या, जशा ती साक्षीच्या पिंजऱ्यात सांगायची. पान पुराच्या आधी कापलंय. एकोणसाठ साली ते नव्हतं, छप्पन साली होतं. आणि जे पान चाळीस वर्षं अस्तित्वात नाही, त्यावरचा मजकूर तुम्हाला पाठ आहे.

निरुपमबाबूंनी मुद्रितांची चळत नीट केली.

"शेवटच्या पानावरच्या नोंदी मला आठवत होत्या," ते म्हणाले. "तू तिथवर जाशील अशी भीती होती. आणि दुसऱ्या कुणाला बोलवायचं माझ्या मनात आलं नाही, हेही खरं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, मधे न थांबता, वर्गात धडा सांगावा तसं. सत्तावन साली सरहद्दीपलीकडून त्यांची आई आली, दोन विधवा बहिणी आल्या, त्यांची मुलं आली. एका खोलीत दहा माणसं. कुंपणापलीकडे मोकळी जमीन पडलेली, तिकडे सात वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. त्यांनी दीड कट्ठा आत घेतला. वही त्यांच्याच ताब्यात होती. उद्या कुणी आक्षेप घेतला तर पहिल्यांदा तिसरं पान उघडलं जाईल, म्हणून एका दुपारी दाढीच्या पात्यानं त्यांनी ते कापलं आणि चुलीत घातलं. त्यावर चहाचं पाणी तापलं.

"मला वाटलं होतं, गोपेश्वरदा विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही, अनिमा. बेचाळीस वर्षं कुणाला त्या पानाची गरज पडली नाही. आणि मग ती बाई आली आणि म्हणाली, लिहिलेलं आहे. माझ्या तोंडून आपोआप निघालं, हो, आहे."

"आणि नाही म्हणायची वेळ आली तेव्हा दिलीपला चोर केलंत."

"चोरी झाली म्हटल्यावर पान होतं हे तरी सिद्ध होतं. नसलेल्या पानाची चोरी कोण करेल? लोकांनी तेवढं मानलं असतं, तर उरलेली जमीन वाचली असती." ते जरा पुढे झुकले. "अजूनही वाचेल. तू नुसतं लिही, की पान अलीकडे कापलंय. तुझा शब्द कुणी मोडणार नाही."

ते खरं होतं, हे अनिमालाही ठाऊक होतं. तिच्या एका खोट्या ओळीनं सबेराच्या आईची कबर वाचणार होती. आणि तिच्या खऱ्या अहवालानं दिलीप सुटणार होता, शिखाला किल्ली परत मिळणार होती, आणि तेवीस तारखेला कुदळी पडणार होत्या. चौतीस वर्षांत खरं आणि बरं अशी दोन पारडी तिच्यासमोर इतक्या उघडपणे कधी आली नव्हती. तिला शिखाचा वाटीत थांबलेला हात दिसला.

"मी खोटं लिहिणार नाही," ती म्हणाली. "पण मी फक्त पान कधी कापलं ते लिहीन. कुणी कापलं आणि त्यावर काय होतं, ते सांगणारा एकच माणूस जिवंत आहे. येत्या रविवारी सभा आहे, मास्टरमोशाय."

त्यांनी घराकडे पाहिलं. आत सून तेल तापवत होती. मुलानं मागच्याच वर्षी घर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. अनिमा उठून आली तेव्हाही ते तसेच घराकडे बघत होते.

६

सोळा तारखेच्या सभेला शाळेचा वर्ग भरून गेला होता. सबेरा बीबी बाहेर व्हरांड्यात उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. अनिमानं आपला दीड पानी अहवाल वाचला. पुराचा डाग, पानांची संख्या. शिखाचं नाव घेऊन तिनं सांगितलं, की हिचा काही दोष नाही. पहिल्या रांगेत दिलीपनं माकडटोपी काढून तोंड पुसलं.

मग निरुपमबाबू उठले. अनिमाला खात्री नव्हती की ते उठतील. ते बाकाला धरून उभे राहिले आणि जे तिला सांगितलं होतं ते सगळं बोलले, पातं, चूल आणि दीड कट्ठ्यासकट. अकरा नावंही त्यांनी एकेक करून घेतली. त्यांचा मुलगा मधेच उठून बाहेर गेला.

 सगळ्यांना खरं वाटलं होतं, हे अनिमाला चेहऱ्यांवर दिसत होतं. खरं वाटणं आणि कबूल करणं यातलं अंतर तिला तोवर ठाऊक नव्हतं.

दिलीपच पहिल्यांदा बोलला, आणि मऊपणे बोलला. मास्टरमोशायंचं वय झालंय, पन्नास वर्षांपूर्वीचं कुणाला धड आठवतं, कागद नाही, साक्षीदार नाही. अनिमा उठली. पुढच्या पानावर दाबून लिहिल्याच्या खुणा आहेत का, हे तिनं तिरप्या उजेडात तपासलं होतं. पुराच्या पाण्यानं बहुतेक बुजल्या होत्या, पण एका ओळीचा शेवट वाचता येत होता: हात लावला जाणार नाही.

"कशाला?" मागून कुणीतरी विचारलं.

तेवढं वाचता आलं नाही, असं तिला सांगावं लागलं.

"मग तळ्यातल्या माशांनासुद्धा असेल," तो माणूस म्हणाला, आणि दोघंतिघं हसले.

बच्चू सान्याल इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. तो हसला नाही. "मला एक सांगा," तो म्हणाला. "त्या पानावर अकरा नावं होती म्हणता. समजा पान खरं. मग नुसता कोपराच सोडायचा का? ती अकरा घरं कुठली? आज त्यात कोण राहतं? एकदा मोजायला बसलात, तर कुठं थांबणार तेही आजच ठरवा."

 लोकांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग दिलीपनं हात वर करायला सांगितले. सभागृहाच्या बाजूनं एकोणतीस हात वर झाले. विरोधात तीन: निरुपमबाबू, शिखा आणि अनिमा. हात वर धरताना अनिमाच्या मनात आलं, की तिला कोपऱ्याबद्दल विचारलं गेलं म्हणून हात वर करणं सोपं गेलं. परसातल्या चुलीबद्दल विचारलं असतं तर तो वर गेला असता का, हे तिला सांगता आलं नसतं.

इतिहासाचं पहिलं प्रकरण कमिटीनं दुसऱ्याकडून लिहून घेतलं. त्याची सुरुवात अशी होती, की मिलनगड वसण्यापूर्वी इथं निव्वळ दलदल आणि झाडी होती, माणसाचा मागमूस नव्हता.

तेवीस तारखेला सकाळी नेताजींच्या तसबिरीला हार घातला गेला, मुलांनी झेंडे फडकावले, आणि कुदळी पडल्या. सबेरा बीबी गुलाबपाण्याची छोटी बाटली घेऊन आली होती. अनिमा तिच्याबरोबर दोरीच्या अलीकडे उभी राहिली. दुपारपर्यंत कमरेइतका खड्डा झाला. मुळं निघाली, खापरं निघाली. दुसरं काही निघालं का, हे मजुरांना विचारायची अनिमाला हिंमत झाली नाही, आणि सबेरानंही विचारलं नाही. बाटली कुठं शिंपडावी हे तिला कळत नव्हतं. झाड कुठं होतं तेवढं कळलं तर बरं, असं ती दोनदा म्हणाली.

निरुपमबाबू तेव्हा त्यांच्या फाटकाशी आले. आठवडाभर ते घराबाहेर पडले नव्हते. मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. ते सबेराजवळ आले आणि हात जोडून उभे राहिले.

"झाड खड्ड्यात नाही, माँ," ते म्हणाले. "झाड मी तोडलं. ते माझ्या बाजूला आलं होतं."

अनिमानं त्यांच्याकडे पाहिलं. सभेत त्यांनी सगळं सांगितलं होतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. ज्या जमिनीसाठी एवढं सगळं झालं, त्या जमिनीत सबेराची आई नव्हतीच.

"कुठं?" सबेरानं विचारलं.

त्यांनी दोघींना घरात नेलं. अंगण, ओटी, मधली खोली ओलांडून ते मागच्या दारापाशी थांबले. स्वयंपाकघरात सून कणीक मळत होती. शेगडीवर दूध होतं. लाल कोब्याची जमीन इतकी घासलेली होती, की तीत खिडकी दिसत होती. निरुपमबाबूंनी शेगडीच्या ओट्याखाली बोट दाखवलं आणि हात मागं घेतला.

सून गोंधळून उभी राहिली. तिला कुणी काही सांगितलेलं नसावं. पाहुण्या आल्यात एवढंच तिला कळलं, म्हणून तिनं पाट पुढं सरकवला आणि दुधात चहा घालायला घेतला.

सबेरा पाटावर बसली नाही. चपला बाहेर काढून ती ओट्याशेजारी जमिनीवर टेकली आणि तळहात कोब्यावर ठेवून बसून राहिली. गुलाबपाण्याची बाटली तिनं उघडली नाही. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिंपडणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं असावं. शेगडीमुळं जमीन कोमट होती. चहा आला, तो तिनं पूर्ण प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

निघताना ती अनिमाला म्हणाली, की आता पुन्हा येणं व्हायचं नाही, स्टेशनचा जिना चढताना गुडघे साथ देत नाहीत. निरुपमबाबू दाराशी मान खाली घालून उभे होते. आपल्याला काहीतरी बोललं जाईल याची ते वाट बघत होते, शिवी तरी.

"स्वयंपाकघर आहे ते बरं झालं," सबेरा म्हणाली. "माझ्या आईला थंडी सोसत नसे."